अर्धा चमचा

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. फोनवर मी नुसता 'हो, हो' करतो आणि ठेवला की विसरतो, अशी तुझी तक्रार असते. म्हणून हे लेखी, पुराव्यासकट. पत्रकाचं प्रूफ सोबत आहे.

तुझा कागद मिळाला. दोन्ही बाजूंनी भरलेला, समासातसुद्धा लिहिलेलं, वर बाण, खाली चांदण्या. बाबा म्हणाले, "हिनं नर्स व्हायच्या ऐवजी वकील व्हायला हवं होतं." मीठ-साखरेच्या पाण्यावर एवढं कोण लिहितं गं? पोराला जुलाब लागलेत आणि आई काय हे पुराण वाचत बसणार?

मग मी एक युक्ती केली. हल्ली नेटवर एआयची साधनं फुकटात मिळतात. एकात तुझा मजकूर टाकला आणि सांगितलं, सुटसुटीत कर, चार ओळींत बसव, आयांना आवडेल असं लिही. पापणी लवेपर्यंत तयार! दुसऱ्याकडे चित्र मागितलं: आई, कुशीत बाळ, पाण्याचं भांडं, मीठ, साखर, चमचे. बारा चित्रं काढून दिली, एकाहून एक सरस. आपल्या चित्रकाराने आठ दिवस घेतले असते आणि वर तोंड वाकडं केलं असतं. त्याला या वेळी कळवलंच नाही. तुझी पेन्सिलीची चित्रंही घेतली नाहीत. रागावू नकोस, पण तुझा चमचा फावड्यासारखा दिसतो.

बघून लगेच कळव. उन्हाळ्याच्या आत पत्रकं हवीत असं तूच म्हणाली होतीस.

तुझा,
खिळ्या

*

८ फेब्रुवारी

चि. खिळ्या,

चार वर्षांचा असताना दादाच्या छापखान्यातला शिशाचा खिळा, छपाईचं अक्षर, गिळलास आणि तुला हे नाव पडलं. दोन दिवस तुझ्या पोटावर हात ठेवून मी बसले होते. तेव्हापासून गिळायच्या आधी बघायची सवय तुला लागेल अशी आशा होती. लागलेली दिसत नाही.

चित्रातल्या आईच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. मोजून बघ. आणि जुलाबाचं पोर कुशीत घेऊन ही बया हसतेय कशाला? केस विंचरलेले, कपडे परीटघडीचे. आमच्याकडे येतात त्या आयांच्या अंगावर दोन दिवसांची ओकारी असते. पण असो, लोकांना गोड चित्र आवडतं. बोट तेवढं काढ.

वॉर्डात चौदा खाटांवर एकवीस मुलं आहेत. तयार पावडरीची पाकिटं महिन्यातले दहा दिवस संपलेली असतात, म्हणून तर हे घरच्या घरी करायच्या पाण्याचं पत्रक. आरोग्यसेविका दूरच्या वस्त्यांवर वाटणार आहेत.

बाकी ठीक. छाप.

दादाच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा.

आत्या

*

२६ मार्च

खिळ्या,

'चि.' लिहायला आज हात उठत नाही.

सोमवारी सकाळी एक आई आठ महिन्यांची मुलगी घेऊन आली. जुलाब चार दिवसांचे. पण पोर नेहमीसारखं सुकलेलं दिसेना. कातडी हाताला मळलेल्या कणकेसारखी लागत होती, अंग तापलेलं, रडणं चिरकं, कानात टोचेल असं. मी तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आहेत.  विचारलं, काय पाजलं हिला? ती म्हणाली, "तुमचंच पाणी. कागदात आहे तसं. थुंकून टाकत होती, तरी चमच्या-चमच्याने पाजलं. सिस्टरच सांगून गेल्या होत्या, ओकली तरी थांबू नका."

दुपारी झटके आले. रक्तात मीठ इतकं निघालं की प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोनदा तपासलं. त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय.

आईने पिशवीतून कागद काढला. चार घड्या घालून जपून ठेवलेला. तुझा कागद. पहिल्यांदा मी तो शांतपणे वाचला. "एक लिटर स्वच्छ पाणी घ्या. मीठ आणि साखर सहा चमचे घाला. प्रेमाने ढवळा. बाळाला हसताना पाहा."

प्रेमाने ढवळा!

माझ्या कागदावर काय होतं? साखर सहा चमचे, सपाट. मीठ अर्धा चमचा, सपाट. 'अर्धा'खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. चमचा चहाचाच, मोठा नाही, हे लिहिलं होतं. पाजायच्या आधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, हेही लिहिलं होतं. तुला ते पुराण वाटलं. त्यातलं एकेक वाक्य कुठल्या ना कुठल्या पोराच्या खाटेपाशी उभं राहून शिकलेय मी.

आणि तुझं ते सरस चित्र! दोन बरण्या, दोन्हींत पांढरं. बरण्यांवर अक्षरांसारखं काहीतरी आहे, पण ती अक्षरं नाहीत. कुठल्याच भाषेतली नाहीत. पुढे चमचे मांडलेत, मोठे आणि शिगोशीग भरलेले. त्या आईला वाचता येत नाही. नवऱ्याने वाचून दाखवलं, तिने चित्राशी ताडून पाहिलं आणि दोन्ही सहा-सहा घातलं. तिने काय चूक केली? सांग ना.

पण केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय: 'आईने चुकीच्या प्रमाणात द्रावण दिले.' आणि सासू खाटेच्या पायथ्याशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय की हिला दोन चमचे धड मोजता येत नाहीत.

अधीक्षकांनी मला विचारलं, हा कागद आला कुठून? मी सांगितलं, छापखान्यातून आला, तसा वाटला.

किती छापलेस आणि कुठे कुठे गेले, उलटटपाली कळव. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी काय बोलेन याचा भरवसा नाही.

आत्या

*

३१ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण आता मलाही थोडं बोलू दे.

तुझं ८ फेब्रुवारीचं पत्र माझ्यासमोर आहे. 'बोट तेवढं काढ. बाकी ठीक. छाप.' हे तुझंच अक्षर ना? मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मीठ अर्धा चमचा की सहा, मला कसं कळणार? मी छापणारा माणूस. त्या साधनाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं की चुका होऊ शकतात, तपासून घ्या. मी तपासायला कोणाकडे पाठवलं? ज्या बाईने तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली तिच्याकडे. तू बोटं मोजलीस, आत्या. चमचे मोजले नाहीस. आणि आता सगळं खापर माझ्या डोक्यावर?

परवा मी पुन्हा ते साधन उघडलं. विचारलं, तू असं चुकीचं का लिहिलंस? त्याने लगेच माफी मागितली. म्हणालं, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, ही गंभीर चूक होती. आणि नवा मजकूर दिला, त्यात अर्धा चमचा बरोबर होता. म्हणजे त्याला माहीत होतं! मग आधी का नाही लिहिलं? मी कोणावर ओरडू?

दोन हजार छापले. सगळे तुमच्याकडेच दिले.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. त्यांना झेपणार नाही.

मुलगी कशी आहे?

खिळ्या

*

५ एप्रिल

खिळ्या,

खरं आहे. ते अक्षर माझंच.

मी ते प्रूफ कसं वाचलं ते ऐक. एका हातात सलाईनची बाटली, चष्मा कपाळावर. सहा बोटं दिसली, हसू आलं, इतर नर्सना दाखवलं. पाच जणींनी तो कागद हातात घेतला आणि पोटभर हसलो आम्ही. एकीनेही मजकूर वाचला नाही. मजकूर माझा, म्हणजे बरोबरच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही. तो माझा राहिलेलाच नाही हे तू पहिल्याच पत्रात सरळ लिहिलं होतंस, तरी.

तेव्हा माझा वाटा माझ्या पदरात घातलास ते ठीक केलंस. पण त्याने माफी मागितली हे वाचून मी तुझं पत्र फाडायच्या बेतात होते. कोणी मागितली माफी? त्याच्या मांडीवर कधी पोर आकडी येऊन ताठ झालंय? ज्याला लाज नाही, झोप नाही, पोर नाही, त्याची माफी घेऊन तू समाधानाने खिशात घातलीस. तू कोणाची मागितलीस? तुझ्या सगळ्या पत्रात त्या मुलीवर एक ओळ आहे, तीही शेवटची, चिठ्ठी संपवताना हवापाणी विचारावं तशी.

विचारलंस म्हणून सांगते. झटके थांबलेत. आवाजाकडे डोळे वळतात. डावा हात उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ द्यावा लागेल. किती, ते सांगत नाहीत.

आता जे लिहिते ते लिहायला मला चार दिवस लागले. अधीक्षकांनी दुसऱ्यांदा बोलावलं. सरळ विचारलं, सिस्टर, प्रूफ तुमच्याकडे आलं होतं का? मी म्हणाले, नाही. निवृत्तीला अकरा महिने उरलेत, खिळ्या. वॉर्डात माझा शब्द चालतो. नाही म्हणताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

केसपेपरवरचं वाक्य तसंच आहे. सासरचे म्हणताहेत, मुलगी आम्ही सांभाळतो, तू माहेरी जा, तुझ्या हातात पोर द्यायची सोय नाही. नवरा खाली मान घालून उभा असतो.

माझं ते 'छाप' लिहिलेलं पत्र तुझ्याकडे आहे. फाडलंस तर आपण दोघंही सुटू आणि ती एकटी अडकेल. काय करायचं ते तू ठरव, असं लिहिणार होते. नाही. मी सांगते. फाडू नकोस.

आणि एक. दोन हजार म्हणालास. मग नदीपलीकडच्या खासगी दवाखान्याच्या भिंतीवर हाच कागद कसा? तिथे आम्ही एकही दिला नव्हता. बोल.

आत्या

*

१७ एप्रिल

ती. आत्या,

खोटं बोललो. पाच हजार छापले होते. चित्र एवढं देखणं झालं म्हणून मीच पिशवीत नमुने घेऊन तीन दवाखान्यांत फिरलो. सगळ्यांना आवडलं. कोणीही वाचलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तुझा मूळ कागद मागितला. तो रद्दीच्या गठ्ठ्यात होता, शोधून दिला. भिंग घेऊन त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, समासातलंसुद्धा. अश्रूंच्या ओळीशी थोडे थांबले. मग म्हणाले, "चार ओळींत बसत नव्हतं, तर कागद मोठा घ्यायचा." एवढंच. भिंग ठेवलं आणि आत गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. थेंबही स्वतःच घालतात, निम्मे गालावर सांडतात.

दहा दिवस मी व्हॅन घेऊन फिरतोय. आतापर्यंत चार हजार तीनशे कागद परत मिळाले. एका घरात तो चुलीशेजारच्या भिंतीवर खळीने चिकटवला होता. सुरीने खरवडावा लागला. घरातली बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"का काढताय? चांगला आहे की."

"चुकीचा आहे, काकू. मीठ जास्त सांगितलंय."

"मग चित्र तरी राहू द्या. ही बाई कुठली आहे?"

"कुठलीच नाही. खरी नाही ती."

"आणि बाळ?"

"तेही नाही."

"अन् तुम्ही?" असं म्हणून तिने मला बाहेर काढून दार लावलं. अर्धा कागद भिंतीवरच राहिला. मी पुन्हा दार ठोठावलं. तिने शिव्या घातल्या, पण उघडलं. तिच्या थोरल्या मुलाने हे पाणी दोन घोट पिऊन ओकलं होतं. मोठा होता म्हणून थुंकू शकला.

अजून एक सांगायचंय. यापेक्षा लाजिरवाणं काही मी केलेलं नाही. त्या आईला पत्र लिहावं म्हणून बसलो. शब्द सुचेनात. सवयीने तेच साधन उघडलं आणि म्हटलं, एका आईची मनापासून माफी मागणारं पत्र लिही. काय लिहिलं त्याने, आत्या! 'आपल्या वेदनेपुढे माझे शब्द थिटे आहेत.' वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. छपाईची आज्ञा दिली, कागद बाहेर आला, घडी घातली. आणि मग लक्षात आलं की हे सगळं होईपर्यंत माझ्या हातातला चहासुद्धा निवला नव्हता. स्वतःची इतकी किळस मला कधी वाटली नव्हती. चुलीत घातला.

तुझं पत्र फाडलेलं नाही. सोबत परत पाठवतोय. ते माझ्याकडे राहिलं तर मी कधीतरी तुझ्यावर उगारेन. मला माझा भरवसा नाही.

खिळ्या

*

२४ एप्रिल

चि. खिळ्या,

ते पत्र घेऊन मी अधीक्षकांकडे गेले. टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, मी खोटं बोलले. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "सिस्टर, अकरा महिने राहिलेत. कशाला?" खिळ्या, त्या 'कशाला'चा मला इतका संताप आला! म्हणजे मी गप्प बसले असते तर त्यांची काहीच हरकत नव्हती. मी म्हटलं, "मग आवक-जावकमध्ये नोंद करून पोच द्या." घ्यावीच लागली नोंद.

वॉर्डाचा चार्ज काढून घेतलाय. मी आता भांडारात चादरी मोजते. चौकशी होईल. डॉक्टरांनी ते वाक्य खोडायला नकार दिला, पण त्याखाली लिहिलं की आईने रुग्णालयाच्या पत्रकाप्रमाणेच द्रावण केले होते. सही, तारीख. ते लिहीपर्यंत मी त्यांच्या खुर्चीमागून हलले नाही.

मग तिच्याकडे गेले. मुलीला मांडीवर घेऊन ओसरीच्या बाकावर बसली होती. मी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडला होतात."

हे मी तुला लिहिलं नव्हतं. ओरडले होते मी. सगळ्या वॉर्डासमोर. 'अगं, पाजायच्या आधी चाखून बघायचं एवढी अक्कल नाही का?' सासूने ते वाक्य तिथूनच उचललं. घरभर, गल्लीभर तेच फिरतंय. ती म्हणाली, "तुम्ही बोललात तेव्हा मलाही वाटलं, माझीच चूक असणार. एवढी मोठी बाई उगाच कशी बोलेल?"

मी हात जोडले. तिने ते बाजूला केले, रागानेच. म्हणाली, "रडू नका. माझ्यापाशी वेळ नाही. कागदानं केलंय, तर कागदच द्या. मोठ्या अक्षरात. आणि ज्यानं छापला त्यानं आमच्या दारात उभं राहून वाचायचा, सासूच्या समोर. तुम्ही नाही. तो."

तेव्हा तुला यावं लागेल. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तूच लिही. आणि कोणाकडून सुटसुटीत करून घेऊ नकोस.

आत्या

*

६ मे

ती. आत्या,

काल जाऊन आलो.

मजकूर लिहायला सहा दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात माझंच रडगाणं होतं. दुसऱ्यात 'अनवधानाने' हा शब्द होता. बाबांनी तो खोडला, तेही न बोलता. शेवटी राहिलं ते असं: 'या घरातल्या आईने कागदावर होतं तसंच पाणी केलं. कागद चुकीचा होता. मीठ अर्धा चमचा हवं होतं. मजकूर आणि चित्र मी यंत्राकडून करून घेतलं आणि न वाचता छापलं. दवाखान्यानेही न वाचता वाटलं. चूक आईची नाही.' खाली माझं नाव, छापखान्याचा पत्ता. वितीएवढी अक्षरं, भिंतीएवढा कागद.

दारात उभा राहिलो. सासू, सासरे, नवरा, शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं. ती उंबऱ्यात उभी, मुलगी कडेवर. मी वाचलं. सासू म्हणाली, "झालं ते झालं. आता वाचून काय हात हलणार आहे का पोरीचा?" ती सासूकडे न बघता मला म्हणाली, "पुन्हा वाचा. मागच्यांना ऐकू गेलं नाही." पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीला माझा आवाज गेला. ती थांबली. मी घसा खाकरून ती ओळ वाचली तेव्हाच हलली.

मग तिने विचारलं, "यातलं माझ्याबद्दलचं कुठे आहे?" मी दाखवलं. तिने ती ओळ नीट पाहून घेतली, जणू उद्या कोणी बदलली तर ओळखता यावी. नवरा पुढे आला, कागदाचं एक टोक त्याने धरलं, आणि दोघांनी मिळून तो दाराशेजारच्या भिंतीला लावला. सासू आत निघून गेली.  भांडी बराच वेळ आदळत होती.

मी म्हटलं, "ताई, मी माफी..." तिने हात वर करून थांबवलं. "माफ केलं असं मी म्हणणार नाही. आज नाही, पुढचंही सांगत नाही." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "ती गाडी तुमची?"

"हो."

"हिच्या हाताच्या व्यायामाला दर गुरुवारी मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. दोन बस बदलून. वर्ष लागेल म्हणतात, जास्तही लागेल. आठ वाजता या. उशीर केलात तर आम्ही निघून जाऊ, थांबणार नाही."

उद्या गुरुवार आहे. मागचं सीट काढून तिथे गादी बांधली आहे. निघायला सहा वाजता उठावं लागेल.

तुझा,
खिळ्या